बांडीची पत्रिका

मासाळवस्तीवर जोशीबुवा चुकले, आणि चुलीवरचा चहा उतू गेला तरी त्या सकाळी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

जोशीबुवा म्हणजे कुणी माणूस नव्हे हो. जेवणाच्या डब्याएवढं राखाडी यंत्र. सरकारी कागदांत त्याचं नाव 'जनुकवाचक'. पण दोन हजार अडतीस साली ते माणदेशात आलं, त्याच आठवड्यात बायकांनी परस्पर त्याचं बारसं करून टाकलं. करडू जन्मलं की त्याच्या कानाचा तिळाएवढा तुकडा डब्यात टाकायचा. अकरा मिनिटांत डबा टुणकन वाजायचा आणि मोबाइलवर करडाची पत्रिका हजर! दीड वर्षाने वजन किती, पाट, म्हणजे मादी, असेल तर व्याल्यावर दूध किती. तीन वर्षांत जोशीबुवांनी हजारावर करडं वाचली होती आणि त्यांचं भाकीत फार तर किलोभराने इकडेतिकडे झालं होतं. लोकांचा त्यांच्यावर एवढा विश्वास, की ज्या पाटीच्या पत्रिकेत दूध कमी, ती चार महिन्यांची झाली की सरळ कापायला जायची.

आणि आज दीड वर्षाची पाट, बांडी, वजनकाट्यावर उभी होती. पत्रिकेत वजन तीस किलो. काटा म्हणत होता एक्केचाळीस.

"परत चढवा!" डॉक्टर रेश्मा मुलाणी ओरडली. ही सरकारच्या शेळीपालन प्रकल्पाची तरुण डॉक्टर, म्हसवडचीच. तिचे आजोबा जत्रेत बोकड कापायचे आणि नात बोकड घडवते, म्हणून अख्खा तालुका तिची थट्टा करायचा आणि तीही हसायची. आज मात्र ती हसत नव्हती. बांडीला तिसऱ्यांदा चढवलं. एक्केचाळीस. पाठोपाठ दुसरी आली, अडतीस. तिसरी, चाळीस. एकूण सात पाटी, सातही उज्ज्वलाच्या शेळ्यांच्या वाड्यातल्या, आणि सातांच्याही पत्रिका साफ खोट्या.

बोरीच्या काट्यांच्या कुंपणापलीकडून हौसाबाई हे सगळं बघत होती. उज्ज्वला तिची धाकटी जाऊ. तीन वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा उज्ज्वला चार माणसांत म्हणाली होती, "आक्काच्या हाताला हाव हाय." त्या दिवसापासून दोघींत अबोला. मधे काटेरी कुंपण, अलीकडे हौसाबाईच्या दुधाच्या शेळ्या, पलीकडे उज्ज्वलाच्या मटणाच्या. हौसाबाईनं बोटांवर मोजलं. सात. बरोब्बर सात!

आता या सात आकड्याचं एवढं काय, ते कळायला थोडं शेळ्यांचं बोलावं लागेल. शेळी एक तर दुधाची असते नाहीतर मटणाची. हौसाबाईच्या संगमनेरी शेळ्या दिवसाला तीन-तीन लिटर द्यायच्या, पण त्यांची करडं लुकडी, नुसती हाडं. परदेशी बोअर जातीचा बोकड घ्या. अंगानं दांडगा, पण त्या जातीच्या माद्यांना दूध म्हणाल तर पोरांपुरतंही नाही. मग कुणालाही वाटणारच, की दोघांची सोयरीक लावावी, म्हणजे एकाच अंगात दूधही आणि मटणही. लावली. पहिली पिढी अंगानं अशी झकास निघाली की लोक बघायला यायचे, दूध मात्र बेताचंच. घोडं अडलं ते दुसऱ्या पिढीला. रेश्मा हे पत्त्यांवर समजावून सांगायची. करडाला निम्मे पत्ते आईकडून येतात, निम्मे बापाकडून. पहिल्या पिढीत सगळ्यांच्या हातात एक बाजू दुधाची, एक बाजू मटणाची. पण या संकरांचीच पुढे करडं झाली की पत्ते पिसले जातात. एखाद्याच्या हातात सगळे हुकूम, चार जणांच्या हातात नुसत्या दुऱ्या-तिऱ्या. त्यात दूधही नाही आणि मटणही नाही. जिल्ह्यात कित्येकांनी हात पोळून घेतले होते. म्हणून जोशीबुवा आणले. कुणाच्या हातात काय आहे ते पहिल्याच दिवशी वाचायचं, चांगली तेवढी ठेवायची.

उज्ज्वलाच्या वाड्यात ही दुसरी पिढी होती. बांडी आणि तिच्या बरोबरच्या सहा जणी म्हणजे दुऱ्या-तिऱ्याच. केवळ तुलनेसाठी राखलेल्या. त्या अशा फोफावल्या म्हणजे काहीतरी लबाडी असणार, असं कुणाच्याही मनात येणारच.

चौथ्या दिवशी प्रकल्पाचे मोठे साहेब, पाटणकर, आले. मागे दोन बंद गाड्या. लिंबाखाली वस्ती जमली.

"कानाचे तुकडे पुन्हा तपासले," साहेब म्हणाले. "बिल्ले बदललेले नाहीत. जनावरं तीच आहेत. म्हणजे एकच गोष्ट उरते. यांना वाढीची इंजेक्शनं दिलीत. महिनाभराने रक्तात मागमूस राहत नाही, हे देणाऱ्याला बरोबर ठाऊक होतं."

"म्या?" उज्ज्वला ताडकन उठली. "म्या सुई टोचली? आवो सायेब, मला पोरांना डोस पाजताना बघवत न्हाय अंगणवाडीत!"

"असं मांस कुणाच्या ताटात जाऊ देता येत नाही. सातही जनावरं आज नेऊन पुरायची. तुमचा वाडा प्रकल्पातून बंद."

"बांडी गाभण हाय वो! पंधरा दिवसांवर आलीया!" उज्ज्वलाचा आवाज फाटला. तिचा नवरा ट्रकवर, महिना-महिना बाहेर. त्या चाळीस शेरडांवर तिचं घर उभं होतं. ती बांडीच्या गळ्याला मिठी मारून बसली. गाड्यांची मागची दारं खडखडत उघडली.

कुंपणाअलीकडे हौसाबाईला दीड वर्षापूर्वीचा तो मे महिना लख्ख आठवत होता. उज्ज्वला तापानं फणफणून दवाखान्यात, आणि नेमक्या तिच्या शेरडांना त्याच आठवड्यात कळा. कुणाला दोन, कुणाला तीन, अशी सात करडं, आणि कासेत थेंब नाही. डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, झाकलेली करडं दुपारभर अशी ओरडायची की हौसाबाईच्या घशाखाली घास उतरेना. अलीकडे तिच्या नऊ शेळ्या नुकत्या व्यालेल्या, चिकानं कासा तटतटलेल्या. मग काय! भर दुपारी, कुंपणाला भगदाड पाडून, पदराखाली एक-एक करडू घेऊन ती अलीकडे आणायची, पाजायची, परत नेऊन डालग्याखाली ठेवायची. दहा दिवस. उज्ज्वला घरी आली तशी हिनं भगदाड बुजवलं आणि तोंडाला कुलूप घातलं. उज्ज्वलानं पुन्हा हाव काढली असती ना, म्हणून.

प्रकल्पाचा नियम स्पष्ट होता : प्रत्येक करडानं आपल्याच आईचं दूध प्यायचं. त्या आजारपणात मोबाइलवर रोजची नोंद करायचं काम हौसाबाईकडेच दिलेलं. तिनं रोज 'आईचं दूध पाजलं' या चौकटीवर बोट ठेवलं होतं.

ती वळसा घालून फाटकातून आलीच नाही. सरळ काट्यांतून घुसली. लुगडं टर्रकन फाटलं.

"थांबा सायेब! सुईबिई काय न्हाय. त्यास्नी म्या पाजलंय."

हौसाबाईनं एका दमात सगळं सांगून टाकलं, भगदाडासकट.

"पण नोंद तर आईचं दूध अशी आहे," पाटणकर म्हणाले.

"मग आईचंच हुतं की! शेळी व्याली म्हंजी आईच न्हवं का ती? कुणाची आई, आसं कुठं इच्यारलंय तुमच्या मोबाइलात?"

चारदोन जणांना हसू फुटलं. उज्ज्वलाला मात्र नाही. ती बांडीला सोडून उठली, आणि हौसाबाईला वाटलं आता ही पाया पडते की काय. कसलं काय!

"माझी करडं नेलीस तू? मला न इच्यारता? दीड वरीस माझ्या तोंडावर गप बसलीस? म्या आपली समदीकडं सांगत सुटले की माझ्या हाताला गुण हाय म्हून माझी शेरडं आशी झाली!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "उपकार कर म्हून कुणी सांगितलं हुतं तुला?"

"करडं सांगत हुती," हौसाबाई म्हणाली. "मला ऐकवंना."

एवढ्यात रेश्मा टाळी वाजवून अक्षरशः उडीच मारती झाली. "पहिला चीक! पहिले दहा दिवस! हौसामावशी, सातही जणींना? पहिल्या तासापासून?"

"मंग! वल्या अंगानं उचलून आणलेली."

"साहेब, गाड्या बंद करा. ऐका माझं." तिला धाप लागली होती. "दुधात नुसती साय आणि साखर नसते. त्यात जनुकांना हुकूम देणारे बारीक रेणू असतात. चिठ्ठ्याच म्हणा. जन्मल्यावर पहिले थोडे दिवस करडाच्या आतड्याची दारं उघडी असतात, या चिठ्ठ्या थेट रक्तात जातात. मग दारं बंद होतात. आत गेलेल्या चिठ्ठ्या ठरवतात, कुठलं जनुक जागं ठेवायचं, कुठलं निजवायचं. अहो, पत्ते तेच, पण कुठला पत्ता खेळायचा हे दूध सांगतं! आपण तीन वर्षं हातातले पत्ते वाचत बसलो. करडाला कुणी पाजलं हे कुणी बघितलंच नाही. दुसरी पिढी बिघडते ती कदाचित रक्तानं नव्हेच, भुकेल्या आयांच्या चिकानं!"

पाटणकर काही मूर्ख नव्हते. "जास्त दूध प्यालं, अंग धरलं. यात शोध कसला, डॉक्टर?"

"वजनात नाही, मान्य. पण कासेत? बांडीच्या पत्रिकेत एका धारेला पाव लिटर दूध आहे. भरपूर खाऊन पाव लिटरचं फार तर अर्धा लिटर होईल. त्याच्या वर गेलं तर?"

साहेबांनी गाड्यांची दारं लावायला खुणावलं. "ठीक. ती व्याल्यावर चौथ्या दिवशी मी येईन. अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर गाड्या रिकाम्या जातील आणि मी या बाईंची सर्वांसमोर माफी मागेन. नाही गेलं, तर सातही जनावरं जातील आणि या दोघीही प्रकल्पाबाहेर. नियम दोघींनी मोडलाय."

"म्या कुठं मोडलाय?" उज्ज्वला ओरडली, पण साहेब गाडीत बसले होते.

"कुणी सांगितलं हुतं तुला तोंड उघडायला?" हौसाबाईचा नवरा, भिवा, घरी गेल्यावर म्हणाला. "तिचा वाडा जाणार हुता, आता आपलाबी जाणार. तुझ्या नऊ दुधाळ शेरडांवर आपलं पोट हाय, ठावं हाय का?"

"ठावं हाय," हौसाबाई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

पंधरा दिवस कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. कुंपणाशी जाऊन ती चोरून बांडीची कास बघायची. कधी वाटायचं भरलीय, कधी वाटायचं नुसती सुजलीय. उज्ज्वलाही तिथंच घुटमळायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत, बांडीकडेच बघायच्या.

बांडी व्याली. दोन पाटी, दोन्ही गुटगुटीत. चौथ्या दिवशी सकाळी पाटणकर गाड्या घेऊन आले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आजूबाजूच्या चार वस्त्यांवरच्या बाया आल्या होत्या, दोघी-तिघी तर झाडावर. कुणी लबाडी करू नये म्हणून साहेबांनी धारेचं यंत्र आणलं होतं. बादली काट्यावर ठेवली, नळ्या सडांना लावल्या, बटण दाबलं.

पहिलटकरीण ती. यंत्राच्या घरघरीनं बिथरली आणि दोन्ही पाय झाडले. काट्यावर आकडा सरकला. साठ मिलिलिटर. एकशे दहा. एकशे नव्वद. दोनशे. आणि थांबला.

दोनशेच. नळ्या कोरड्या फुरफुरत होत्या. "पाव लिटरसुद्धा नाही," पाटणकर हळू आवाजात म्हणाले, आणि रेश्माचा चेहरा पांढराफटक पडला.

"आवो, चोरतीया ती!" हौसाबाई कडाडली. "पान्हा वर वडून धरलाय तिनं. कास बगा की, दगडावानी हाय! काढा ते खटारं. मी पिळते."

"तुम्ही हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या सांगण्यावरच तर सगळं उभं आहे. मालकीण पिळेल."

उज्ज्वला बसली. पण तिच्या शेरडांना दूध होतंच कुठे! तिनं उभ्या जन्मात भरली कास पिळली नव्हती. तिनं सड चिमटीत धरून ओढला. बांडीनं लाथ घातली. बादली लवंडता लवंडता वाचली. उज्ज्वलानं पुन्हा ओढला. एक पातळ धार, बस्स. तिच्या कपाळावर घाम डवरला.

हौसाबाईला राहवेना. "वडू नगंस!" ती मागून म्हणाली. तीन वर्षांत धाकट्या जावेला समजुतीनं सांगितलेले हे पहिले शब्द. "आधी कासेला धडक दी. मुठीनं. करडू डोकं मारतं तशी. घाबरू नगंस, तिला आवडतं त्ये."

उज्ज्वलानं मागे वळून पाहिलं नाही. पण मूठ वळली आणि कासेला खालून हलकी धडक दिली.

"आनकी. जरा जोरात. हां! आता सड मुठीत घे. वरनं अंगठ्यानं आवळ, मंग एक-एक बोट मिटत खाली ये. वडायचं न्हाय, मिटायचं."

बांडीनं मान खाली घातली. रवंथ सुरू केला. आणि सर्रर्र!

धार बादलीत अशी आदळली की पुढच्या बाया दचकल्या. दोनशे साठ. साडेतीनशे. उज्ज्वलाचे दोन्ही हात चालू लागले, आधी अडखळत, मग तालात. चारशे वीस. "अर्धा!" रेश्मा किंचाळली. साडेपाचशे. दुधावर फेस चढायला लागला. सातशे. "आगं माझ्या बया," कुणीतरी झाडावरून म्हणालं. नऊशे. पाटणकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडा पुढेच चालला होता. लिटर झालं. अकराशे पन्नासवर उज्ज्वलाचे हात थकले. बांडी नव्हे!

मग जो गलका उठला त्यात साहेबांची माफी कुणाला नीट ऐकूही गेली नाही. पण त्यांनी ती मागितली, हात जोडून, उज्ज्वलासमोर. रेश्मा बांडीच्या कपाळाचे मुके घेत होती. गाड्या रिकाम्या परत गेल्या. उज्ज्वला मात्र दूध घेऊन मुकाट्यानं घरात गेली. हौसाबाई फाटकापाशी थोडा वेळ थांबली. बोलावणं आलं नाही. आपण आपलं काम केलं, असं मनाशी म्हणत ती कुंपण वळून घरी आली. मनातून खूप वाईट वाटलं तिला.

खरी झुंबड उडाली ती दोन दिवसांनी. बातमी पसरायला कितीसा वेळ! सकाळी हौसाबाईनं दार उघडलं तर अंगणात डालगीच डालगी. पाच-सहा गावांच्या बाया आदल्या रात्री, पहाटे जन्मलेली ओली करडं घेऊन आलेल्या. कुणी पदरात, कुणी टोपलीत, एकीनं तर लेकराच्या झबल्यात गुंडाळून आणलेलं. "मावशे, माझ्याला आधी!" "आवो, माझं तिसऱ्या तासाचं हाय, त्येची दारं मिटत्याल!" रेश्माची पत्त्यांची आणि दारांची गोष्ट त्यांना तोंडपाठ झाली होती. जोशीबुवांच्या पत्रिका कुणी उघडूनही बघत नव्हतं.

नुकत्या व्यालेल्या शेळ्या हौसाबाईकडे होत्या नऊ. करडं मोजली तर त्रेसष्ट. रेश्मा वही घेऊन धावत आली होती, पण तिलाही सुचेना. "मावशी, काहींना परत पाठवावं लागेल. निवड करा."

निवड! सगळी करडं ओरडत होती आणि सगळ्या बाया हौसाबाईच्याच तोंडाकडे बघत होत्या. तिनं एकीची टोपली उचलली, खाली ठेवली, दुसरीची उचलली.

तेवढ्यात मागच्या बाजूला काटे मोडल्याचा आवाज आला. कडाकडा. सगळ्यांनी वळून पाहिलं. उज्ज्वला कोयत्यानं कुंपण तोडत होती. पुरेशी वाट झाली तशी तिनं कोयता खाली टाकला, बांडीचा कासरा धरला आणि तिला ओढत अंगणाच्या मधोमध आणून उभी केली. बांडीच्या मागं बाकीच्या सहा जणी; दोघी कालच व्यालेल्या, चौघींची पोटं खाली उतरलेली.

"तुझ्या नऊ पुरायच्या न्हाईत," ती हौसाबाईला म्हणाली. "ही धावी. ह्या दोन धरून बारा. बाकीच्या आज-उद्या व्यायच्या."

रेश्मानं मधे हात घातला. "उज्ज्वलाताई, थांबा. बांडीला चिठ्ठ्या मिळाल्या, हे कळलं. पण तिच्या दुधात त्या पुढं उतरतात का, हे अजून सिद्ध झालेलं नाही."

"मंग आज करा की सिद्ध. हितं करडांना काय तोटा हाय?" उज्ज्वलानं पदर खोचला, समोरच्या टोपलीतलं सगळ्यात बारकं करडू उचललं आणि बांडीच्या कासेला लावलं. बांडीनं एकदा हुंगलं आणि पाय फाकवून उभी राहिली. करडानं डोक्यानं धडक दिली. तोंडातून फेस यायला लागला तसं उज्ज्वलानं हौसाबाईकडे बघितलं, सरळ डोळ्यांत.

"बगत काय बसलीस, आक्का? दुसरं दे."